नैसर्गिक आपत्ती आणि पीक विमा : प्रा. वि. म. दांडेकर यांच्या संशोधनाचा परिचय

अवर्षण, अतिवृष्टी, महापूर, गारपीट, वादळ आणि टोळधाड ही संकटे आपल्या शेतकऱ्यांना नवीन नाहीत. पेरणी वेळेवर झाली, पीक जोमाने वाढले, तरी सुगीच्या तोंडावर चार दिवसांच्या अवकाळी पावसाने वर्षाची मेहनत मातीस मिळते. अशा वेळी शेतसाऱ्यात सूट देणे, तगाई वाटणे आणि दुष्काळी कामे काढणे हे शासनाच्या मदतीचे मार्ग पूर्वापार चालत आले आहेत. ही मदत मोलाची असली तरी ती किती मिळेल व केव्हा मिळेल हे शेतकऱ्यास आधी ठाऊक नसते. विम्याचे तसे नाही. हप्ता भरणाऱ्याला ठरलेल्या नियमानुसार भरपाई मागण्याचा हक्क प्राप्त होतो. शेतीच्या बाबतीत हा हक्क प्रत्यक्षात कसा आणावा, या प्रश्नाचा आपल्या देशात ज्यांनी शास्त्रीय पद्धतीने विचार केला, त्यांत पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांचे नाव अग्रगण्य आहे. भारतातील पीक विम्याचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो.

पीक विम्याची रक्कम जमा झाली की गावोगावी एकच तक्रार ऐकू येते. "माझे पीक पूर्ण बुडाले, तरी मला काही मिळाले नाही आणि शेजाऱ्याचे पीक बरे असूनही त्याच्या खात्यात पैसे आले." या तक्रारीचे उत्तर प्रा. दांडेकर यांनी मांडलेल्या पद्धतीत आहे. तिच्यातील गुण आणि मर्यादा या दोन्ही समजून घेणे म्हणूनच गावकरी, अधिकारी व शिक्षक या सर्वांना उपयुक्त ठरेल.

घराचा विमा आणि पिकाचा विमा

विम्याचे मूळ तत्त्व सोपे आहे. हजार घरांच्या मालकांनी दरवर्षी थोडी थोडी रक्कम एकत्र करावयाची आणि वर्षभरात ज्या दोन-तीन घरांना आग लागेल त्यांचे नुकसान त्या निधीतून भरून काढावयाचे. सगळ्या घरांना एकाच दिवशी आग लागत नाही, म्हणून हा व्यवहार जमतो.

पिकाच्या बाबतीत नेमकी येथेच अडचण येते. पाऊस पडला नाही तर तो एका शेतावर पडला नाही असे होत नाही. संपूर्ण तालुका, प्रसंगी संपूर्ण राज्य एकाच हंगामात कोरडे जाते. सर्वांचे नुकसान एकाच वेळी झाले म्हणजे गावापुरता किंवा तालुक्यापुरता उभारलेला निधी पुरा पडू शकत नाही. जोखीम दूरदूरच्या प्रदेशांत आणि अनेक वर्षांवर पसरावी लागते. कोकणात किंवा गोमंतकात पूर आला असता मराठवाड्यात किंवा माळव्यात पीक चांगले असू शकते, आणि चांगल्या वर्षांतील शिल्लक वाईट वर्षांत कामी येते. हे काम मोठ्या संस्थेशिवाय आणि शासनाच्या आधाराशिवाय होणे कठीण असते.

दुसरी अडचण मनुष्यस्वभावाची आहे. विमा ऐच्छिक ठेवला तर ज्याचे शेत नदीकाठच्या पुराच्या पट्ट्यात आहे तो आधी विमा उतरवतो आणि ज्याच्याकडे बारमाही पाण्याची विहीर आहे तो दूर राहतो. विमा संस्थेच्या वाट्याला केवळ धोक्याची शेते आल्याने हप्ता वाढवावा लागतो, आणि हप्ता वाढला की उरलेसुरलेही बाहेर पडतात. शिवाय भरपाई मिळणारच आहे अशा समजुतीने एखादा शेतकरी निंदणी, खत किंवा औषधफवारणी यांकडे दुर्लक्ष करील, ही शक्यताही असते. नुकसान आपत्तीमुळे झाले की हयगयीमुळे, हे लाखो लहान शेतांवर जाऊन ठरविणे विमा संस्थेच्या आवाक्याबाहेरचे आहे. प्रत्येक शेताच्या मागील आठ-दहा वर्षांच्या उत्पन्नाची नोंदही कोठे उपलब्ध नसते.

आधीचे प्रयत्न

या अडचणींची जाणीव पूर्वीच्या अभ्यासकांनाही होती. म्हैसूर संस्थानातील जे. एस. चक्रवर्ती यांनी १९१५ च्या सुमारास अवर्षण विम्याची एक योजना मांडली आणि १९२० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. शेताचे नुकसान मोजण्यापेक्षा त्या क्षेत्रातील पर्जन्यमापकाची नोंद पाहावी आणि पाऊस ठरावीक मर्यादेपेक्षा कमी पडल्यास त्या क्षेत्रातील सर्व विमाधारकांना भरपाई द्यावी, अशी त्यांची कल्पना होती. स्वातंत्र्यापूर्वी बडोदे व देवास या संस्थानांतही पीक विम्याचे प्रयत्न झाले. परंतु त्यांना फारसे यश लाभले नाही.

१९४७-४८ मध्ये केंद्र शासनाने श्री. जी. एस. प्रिओळकर यांच्याकडे पीक व पशुधन विम्याच्या अभ्यासाचे काम सोपविले. भरपाई प्रत्येक शेताचे नुकसान पाहून द्यावी की एकसारख्या क्षेत्राची सरासरी पाहून, हा प्रश्न त्या वेळीच पुढे आला होता. प्रिओळकर यांनी क्षेत्राच्या सरासरीचा पक्ष घेतला. परंतु आर्थिक भार पेलण्यास राज्ये तयार झाली नाहीत. १९६५ मध्ये पीक विम्याचे विधेयक व नमुना योजना तयार झाली. ती डॉ. धर्म नारायण यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीकडे १९७० मध्ये सोपविण्यात आली. देशाच्या परिस्थितीत पीक विमा सुरू करणे नजीकच्या काळात इष्ट नाही, असे मत या समितीने दिले.

तरीही १९७२-७३ मध्ये गुजरातमधील एच-४ जातीच्या कापसासाठी विमा सुरू झाला आणि पुढे तो भुईमूग, गहू, बटाटा या पिकांना व महाराष्ट्र, कर्नाटक यांसह इतर काही राज्यांना लागू झाला. त्यात प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान स्वतंत्रपणे मोजले जाई. १९७८-७९ पर्यंत चाललेल्या या प्रयोगात केवळ ३,११० शेतकरी सहभागी झाले. त्यांच्याकडून ४.५४ लाख रुपये हप्ता जमा झाला व भरपाईपोटी ३७.८८ लाख रुपये द्यावे लागले. हप्त्याच्या आठपटीहून अधिक भरपाई देणारी योजना देशभर चालणे शक्य नव्हते.

प्रा. दांडेकर यांची मांडणी

प्रा. दांडेकर हे संख्याशास्त्र व अर्थशास्त्र या दोन्ही विषयांचे जाणकार होते. १९६६ ते १९८० या काळात ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. प्रा. नीळकंठ रथ यांच्यासमवेत १९७१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला भारतातील दारिद्र्याविषयीचा अभ्यास सर्वत्र गाजला. त्यानंतर १९७६ साली 'इकॉनॉमिक ॲण्ड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकात त्यांनी भारतातील पीक विम्यावर निबंध लिहिला. पीक विमा अव्यवहार्य आहे, हा निष्कर्ष त्यांनी मान्य केला नाही. अव्यवहार्य आहे ती प्रत्येक शेत स्वतंत्रपणे मोजण्याची पद्धत, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांच्या मांडणीचे दोन आधारस्तंभ सांगता येतील. पहिला म्हणजे क्षेत्राधारित विमा. हवामान, जमीन व पीकपद्धती सर्वसाधारणपणे सारखी असलेले क्षेत्र हे विम्याचे एकक मानावे. त्या क्षेत्रातील पिकाचे हेक्टरी सरासरी उत्पन्न नेहमीच्या पातळीपेक्षा खाली आले तर तेथील सर्व विमाधारकांना एकाच दराने भरपाई द्यावी. दुसरा आधारस्तंभ म्हणजे पीक कर्जाशी सांगड. कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायट्या व बँका यांच्याकडे शेतकऱ्याचे नाव, पीक व क्षेत्र यांची नोंद असतेच. त्यांच्यामार्फत हप्ता गोळा केला तर वेगळी यंत्रणा उभारण्याचा खर्च वाचतो आणि बरीवाईट सर्व प्रकारची शेते विम्यात येतात. पीक बुडाल्यावर भरपाईतून कर्ज फिटले तर शेतकरी थकबाकीदार ठरत नाही व पुढच्या हंगामात त्याला नव्याने कर्ज मिळू शकते. आपत्तीनंतर सावकाराच्या दारी जाण्याची पाळी टळावी, हा या सांगडीमागील व्यावहारिक विचार होय.

एक उदाहरण

ही पद्धत आकड्यांनी अधिक स्पष्ट होईल. समजा, एका मंडळात भाताचे हेक्टरी 'उंबरठा उत्पन्न' २० क्विंटल ठरले आहे. मागील काही वर्षांच्या सरासरीला ठरावीक टक्क्यांनी गुणून हा आकडा काढतात. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ४०,००० रुपये आहे. हंगामाच्या अखेरीस मंडळाचे सरासरी उत्पन्न हेक्टरी १५ क्विंटल निघाले. तूट ५ क्विंटलांची, म्हणजे उंबरठ्याच्या २५ टक्के झाली. म्हणून भरपाई ४०,००० रुपयांच्या २५ टक्के, म्हणजे हेक्टरी १०,००० रुपये होईल.

या मंडळातील एका शेतकऱ्याने विहिरीचे पाणी देऊन २२ क्विंटल भात पिकविला आणि दुसऱ्याच्या हाती ६ क्विंटलच आले, तरी दोघांनाही हेक्टरी १०,००० रुपयेच मिळतील. पहिल्याने अधिक कष्ट केले म्हणून त्याची भरपाई बुडत नाही. हयगय करणाऱ्यास हयगयीबद्दल जादा काही मिळत नाही. पीक वाचविण्यासाठी झटणे हे प्रत्येकाच्या हिताचेच राहते. क्षेत्राच्या सरासरीचा हा सर्वांत मोठा गुण आहे.

परंतु याच उदाहरणात पद्धतीची उणीवही दिसते. मंडळाची सरासरी २१ क्विंटल निघाली आणि ओढ्याकाठच्या एकाच शेतकऱ्याचे पीक पुराने वाहून गेले, तर सरासरी उंबरठ्यापेक्षा खाली न आल्याने त्याला या नियमाने काहीच मिळणार नाही. त्याने हप्ता भरलेला आहे, त्याचे नुकसान खरे आहे, तरीही त्याची ओंजळ रिकामी राहते. एकक जितके मोठे तितका हा अन्याय मोठा. म्हणून एकक जिल्ह्यावरून तालुक्यावर, तालुक्यावरून मंडळावर आणि शक्य तेथे ग्रामपंचायतीवर आणणे हा पुढील सर्व सुधारणांचा गाभा राहिला.

सरासरी ठरते कशी ?

जुन्या काळी पिकाचा अंदाज आणेवारीने केला जाई. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक असे धरून गावातील पीक किती आणे आले, हे नजरेने ठरविले जाई. नजरेचा अंदाज विम्याच्या हिशेबाला पुरेसा होत नाही. त्यासाठी पीक कापणी प्रयोगांचा आधार घेतला जातो. या प्रयोगांना आपल्या देशात शास्त्रीय बैठक देण्याचे श्रेय मुख्यतः डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. वि. गो. पानसे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांना जाते. त्यांपैकी डॉ. पानसे यांनी इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत अनेक वर्षे संशोधन केले होते.

या पद्धतीत गाव, शेत आणि शेतातील तुकडा यांची निवड कोणाच्याही मर्जीने होत नाही. ती यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून, म्हणजे चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे, केली जाते. निवडलेल्या शेतात सामान्यतः ५ ते १० मीटर बाजूंचा तुकडा दोरीने आखून त्यातील पीक कापतात, मळणी करून धान्य तोलतात व त्यावरून हेक्टरी उत्पन्न काढतात. चांगले शेत किंवा वाईट शेत मुद्दाम निवडले तर साऱ्या क्षेत्राचा हिशेब चुकतो. दोरीत एक हाताची चूक झाली किंवा तोललेल्या धान्यात ओलावा राहिला, तरी त्याचा परिणाम शेकडो विमाधारकांच्या भरपाईवर होतो. खळ्यावरील तराजूवर साऱ्या मंडळाचा हक्क तोलला जात असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

प्रयोगातून योजनेकडे

प्रा. दांडेकर यांच्या मांडणीच्या आधारे भारतीय सर्वसाधारण विमा महामंडळाने १९७९ मध्ये प्रायोगिक पीक विमा योजना सुरू केली. ती ऐच्छिक व केवळ कर्जदार शेतकऱ्यांसाठी होती आणि जोखीम महामंडळ व राज्य शासन यांनी दोनास एक या प्रमाणात वाटून घेतली होती. १९८४-८५ पर्यंत १३ राज्यांतील ६.२७ लाख शेतकरी तीत सहभागी झाले. हप्ता १९६.९५ लाख रुपये जमला व भरपाई १५७.०५ लाख रुपये झाली. आधीच्या प्रयोगाशी तुलना करता क्षेत्राधारित पद्धत हिशेबात बसते, असे दिसून आले.

त्यानंतर १ एप्रिल १९८५ पासून सर्वंकष पीक विमा योजना लागू झाली. सहभागी राज्यांत पीक कर्ज घेणाऱ्यांना ती सक्तीची होती. तृणधान्यांसाठी २ टक्के आणि कडधान्ये व तेलबियांसाठी १ टक्का असा हप्त्याचा दर होता. १९९९ च्या खरिपापर्यंत चाललेल्या या योजनेत सुमारे ४०४ कोटी रुपये हप्ता जमला आणि सुमारे २,३०३ कोटी रुपये भरपाई द्यावी लागली. भरपाईचा मोठा वाटा गुजरातमधील भुईमुगाकडे गेला. हप्ता सर्वत्र सारखा आणि जोखीम मात्र प्रदेशागणिक वेगळी असल्याने हे असंतुलन निर्माण झाले. प्रा. दांडेकर यांचे १९९५ मध्ये निधन झाले. परंतु क्षेत्राची सरासरी हा पाया पुढील योजनांतही कायम राहिला.

१९९९-२००० च्या रब्बी हंगामापासून राष्ट्रीय कृषी विमा योजना आली व बिगर-कर्जदार शेतकऱ्यांनाही तिचे दार खुले झाले. २००२ मध्ये भारतीय कृषी विमा कंपनीची स्थापना झाली. २००७ मध्ये हवामानावर आधारित पीक विमा योजना सुरू झाली. तीत पाऊस, तापमान इत्यादींच्या नोंदींवरून भरपाई ठरते. म्हणजे चक्रवर्ती यांची कल्पना सुमारे नव्वद वर्षांनी मोठ्या प्रमाणावर व्यवहारात आली. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना लागू झाली. तीत शेतकऱ्याचा वाटा खरीप अन्नधान्य व तेलबियांसाठी जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि व्यापारी व बागायती पिकांसाठी ५ टक्के ठरविण्यात आला. उरलेला हप्ता केंद्र व राज्य शासने भरतात.

सक्ती असावी काय ?

कर्जदारांना विमा सक्तीचा असावा की नसावा, हा वाद जुना आहे. या संदर्भात अमेरिकेचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तेथे १९६८ मध्ये पूर विम्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. हप्त्यात सवलत असूनही फार थोड्यांनी विमा घेतला. १९७२ मध्ये 'ॲग्नेस' वादळाने मोठी हानी केली, तेव्हा बहुतेक पूरग्रस्तांजवळ विमा नसल्याचे उघडकीस आले. १९७३ च्या कायद्याने पुराच्या पट्ट्यात गृहकर्ज घेणाऱ्यांना विमा आवश्यक करण्यात आला. पूर व भूकंप यांच्या पट्ट्यांतील सुमारे ३,००० घरमालकांच्या मुलाखतींवर आधारलेले हॉवर्ड कुनरॉयथर व त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. जे संकट क्वचित येते ते आपल्यावर येणारच नाही, असे माणूस धरून चालतो, आणि विमा म्हणजे पैसे फुकट जाणे असे त्याला वाटते, हा त्यातील महत्त्वाचा निष्कर्ष होता.

आपल्याकडे २०२० च्या खरिपापासून पीक विमा कर्जदारांनाही ऐच्छिक झाला आहे. निवडीचे स्वातंत्र्य आले, तशी स्वतः विचार करून निर्णय घेण्याची जबाबदारीही शेतकऱ्यावर आली. मागील चार वर्षांत भरपाई मिळाली नाही म्हणून पाचव्या वर्षी विमा सोडणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की आपत्ती वर्षे मोजून येत नाही.

आजची व्यवस्था आणि प्रत्येकाचे काम

ओढ्याकाठच्या त्या एकट्या शेतकऱ्याचा प्रश्न आजच्या योजनेत काही अंशी सोडविला आहे. गारपीट, दरड कोसळणे, ढगफुटी यांसारख्या स्थानिक आपत्तींत आणि कापणीनंतर शेतात वाळत ठेवलेल्या पिकाचे वादळ, गारपीट किंवा अवकाळी पावसाने १४ दिवसांच्या आत नुकसान झाल्यास वैयक्तिक पाहणी करून भरपाई देण्याची तरतूद आहे. त्यासाठी नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत देणे आवश्यक असते. ही मुदत हुकल्याने अनेकांचे रास्त दावे फेटाळले जातात. कोणती आपत्ती कोणत्या पिकास लागू आहे, हे त्या हंगामाच्या अधिसूचनेत दिलेले असते.

विम्याचे एककही राज्यागणिक वेगळे आहे. महाराष्ट्रात ते सामान्यतः महसूल मंडळ, मध्य प्रदेशात मुख्य पिकांसाठी पटवारी हलका आणि कर्नाटकात मुख्य पिकांसाठी ग्रामपंचायत व इतरांसाठी होबळी असे असते. गुजरातने २०२० मध्ये या योजनेतून बाहेर पडून स्वतःची साहाय्य योजना सुरू केली. म्हणून शेजारच्या राज्यातील नातलगाला काय मिळाले, यावरून आपला हक्क ठरविता येत नाही.

शेतकऱ्यांनी विमा उतरविताना पीक, क्षेत्र व गट क्रमांक यांची नोंद बरोबर झाली आहे ना, हे पाहून पावती जपून ठेवावी. आपल्या मंडळाचे उंबरठा उत्पन्न किती आहे, हे हंगामाच्या आरंभीच विचारून घ्यावे. गावात पीक कापणी प्रयोग असेल त्या दिवशी सरपंच व प्रमुख शेतकऱ्यांनी अवश्य उपस्थित राहावे आणि वजनाचा आकडा स्वतः पाहावा. प्रयोग करणाऱ्या तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायकांनी निवडलेले शेत बदलण्याच्या आग्रहास बळी पडू नये आणि आकडे शेतातच लिहावेत, घरी येऊन नव्हे. शिक्षकांना वरील उदाहरण वर्गात टक्केवारी व सरासरी शिकविताना सहज वापरता येईल. ज्या मुलाला आपल्या मंडळाच्या भरपाईचा हिशेब पाटीवर मांडता येतो, त्याच्या घरातील वडीलधाऱ्यांना कोणी सहसा फसवू शकत नाही.

प्रा. दांडेकर यांच्या पद्धतीत एका शेतकऱ्याची भरपाई शेजारच्या शेतातील प्रामाणिक मोजणीवर अवलंबून असते. ती मोजणी चोख ठेवणे हे गाव आणि शासन या दोघांचे सामाईक काम आहे.